तोंड राहून गेलेलं चित्र

बारकीचं वय पंचावन्न, अंगानं चांगली भरलेली, दारात उभी राहिली की दुकानातला उजेड निम्मा होई. तरी नाव बारकीच. ते ताईनं ठेवलेलं. ताईनं एकदा ठेवलेलं नाव बदलायची कुणाची छाती नव्हती. ताई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. ती निवृत्त झाली होती, हे सगळ्यांना माहीत होतं, ताई सोडून.

बारकीचं आणि तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. नवरा पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावी, बारकी फ्रेमा दाखवी, काचा घासून देई. दुपारी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारच्या टेबलावर, ती रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढायची. कुठल्या कलाशाळेची पायरी चढली नाही, कुणा गुरूपुढे हात जोडले नाहीत. धाकट्या मुलाची शाळा संपली तेव्हा घरात अर्ध्यामुर्ध्या झिजलेल्या पेन्सिली उरल्या होत्या. टाकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून सुरुवात झाली. आता असलं खरं कारण कलावंतांच्या माहितीपत्रकात कुणी छापत नाही. तिथं लहानपणी बघितलेला एखादा सूर्यास्त लागतो.

रंगीत पेन्सिल हे मोठं खाष्ट प्रकरण आहे. तेलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर मारून मोकळं होता येतं. पेन्सिलीत कागद सगळं लक्षात ठेवतो. आधी हलक्या हातानं एक थर, त्यावर दुसऱ्या रंगाचा, त्यावर तिसऱ्या. कागदाच्या अंगाला जो खरखरीतपणा असतो, तो भरेपर्यंतच कागद रंग घेतो. एकदा तो मेणानं भरून गुळगुळीत झाला, की वरून पेन्सिल नुसती घसरते. रबर घासलं तर चूक जात नाही, चुकीभोवती डाग मात्र पडतो. आणि पेटीतली पांढरी पेन्सिल नावालाच पांढरी. खरा पांढरा म्हणजे कोरा कागद. डोळ्यातली चमक हवी असेल तर तेवढा कागद पहिल्या दिवसापासून राखायचा, त्याला हाताचा घामसुद्धा लागू द्यायचा नाही.

त्यात बारकीची स्वतःची एक खोड होती. माणसाचं चित्र असलं की तोंड शेवटी. "तोंड आधी झालं की खुर्चीच्या पायाला कोण विचारतंय?" ती म्हणायची. त्यामुळे तोंडाच्या जागेवर ती पातळ कागद चिकटवून ठेवी आणि बाकी सगळं, अगदी मागच्या पडद्याच्या शिवणीपर्यंत, पुरं करून मगच तो कागद काढी.

ताईचं चित्र तिनं हिवाळ्यात सुरू केलं. नवऱ्यानं विचारलं, "इतकी माणसं दुकानात येतात, ताईच का?"

"ताई हलत नाही. तुम्हाला बसवलं होतं तर पाच मिनिटांत घोरायला लागलात."

ताई खरंच हलायची नाही. समोरच्याच इमारतीत राहायची; रोज दुपारी यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसायची आणि बसल्या बसल्या तोंडाचा पट्टा चालवायची. भाची कशी चुकली, शेजारीण कशी चुकली, बारकी जन्मल्यापासून कशी चुकत आली. चित्राकडं मात्र तिनं एकदाही बघितलं नव्हतं. अर्धवट वही तपासायची नाही, हा तिचा नियम.

पण एके दिवशी नियम मोडला. पाठ दुखली म्हणून ती उठली, कंबरेवर हात ठेवून टेबलापाशी आली आणि वाकली.

"ही मान कुणाची?"

"तुझीच की."

"जांभळी?"

"सावली आहे गं ती. कातडीच्या घडीत सावली जांभळीच दिसते. खाली आधी हिरवा दिलाय, मग त्यावर..."

"हिरवा पण दिलास? मी माणूस आहे का वांगं?"

दारात उभ्या नवऱ्याला हसू आलं. त्यानं ते चष्मा पुसायच्या फडक्यात दाबलं.

"पेटीत अंगाच्या रंगाची पेन्सिल मिळते ना? गुलाबीसर?"

"ती खोटी असते, ताई. त्या रंगाचं माणूस मी अजून बघितलं नाही."

"आणि ह्या घड्या? एवढ्या आहेत मला?"

इथं शहाण्या बाईनं गप्प बसायचं असतं. नवरा दारातून मान हलवून हलवून खुणावत होता. पण चित्राच्या बाबतीत बारकीला खोटं बोलता यायचं नाही. ती म्हणाली, "मोजून काढल्यात."

"खोडून टाक."

"खोडता येत नाही."

"मग वरून रंग दे."

"कागद भरला तिथला. आता घेत नाही."

"म्हणजे मी मेल्यावरही ही मान अशीच राहणार?"

"कागद चांगला आहे," बारकी म्हणाली. "पुष्कळ टिकेल."

तिला वाटलं, आपण ताईला धीर दिला. ताईनं पर्स उचलली, नवऱ्याला बाजूला सारलं आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी रस्त्यात समोर आली आणि फळवाल्याच्या गाडीकडं बघत निघून गेली. आठवडे गेले. खुर्ची, पडदा, राखाडी स्वेटर, त्याची सुटलेली वीण, मांडीवरचे हात, केस, कान, ती मान, सगळं तयार होतं. मधोमध तेवढं एक पांढरंफेक अंड्यासारखं भोक. फोन केला तर ताईची सून उचलायची आणि म्हणायची, "मावशी, त्या म्हणतायत त्या घरी नाहीत."

अशात एका दुपारी, दुकान उघडता उघडता, मफलर आला.

शहरातल्या मोठ्या चित्रदालनाचा हा मालक. भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर, म्हणून पाठीमागं सगळे त्याला तेच म्हणत. त्याचा नंबर वाढला होता. नवऱ्यानं त्याचा चष्मा मोजमापाला काढून घेतला, आणि हा गृहस्थ पाणी शोधत चाचपडत मागच्या खोलीत शिरला. टेबलावर चित्र होतं. बारकीनं नुकताच मधला कागद काढून कोऱ्या जागेवरची धूळ मऊ कुंचल्यानं झटकली होती. मफलर थबकला. डोळे बारीक केले. श्वास रोखला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"आणि चेहरा?"

"राहिलाय."

"राहिलाय!" तो पुटपुटला, जसं काही तिनं वेदवाक्य उच्चारलं. "ह्यामागची प्रेरणा काय तुमची?"

बारकीनं खूप विचार केला. "दुपारी दुकान बंद असतं," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे ह्या कोण?"

"माझी थोरली बहीण. समोरच राहते. मान आवडली नाही म्हणून बसायची बंद झाली. आली की तोंड पुरं करणार."

मफलरनं एकदम हात वर केला, रस्त्यावरच्या पोलिसासारखा. "हे कुणाला सांगू नका. काहीच सांगू नका. कलावंतानं बोलायचं नसतं. रिकाम्या जागेत लोक आपापलं दुःख भरतील, आपण फक्त मध्ये यायचं नाही."

एवढ्यात नवरा आला. "साहेब, चष्मा घाला, मग बघा."

"नको," मफलर म्हणाला. "मी बघायचं ते बघितलं. हे माझ्या दालनात लागणार."

बारकीला तो माणूस फसवा वाटला नाही असं नाही. ती काही दूधखुळी नव्हती. पण इतकी वर्षं तिची चित्रं बघून गिऱ्हाइकं "वा, अगदी फोटोसारखं" म्हणत आली होती, आणि ती प्रत्येक वेळी आतल्या आत शिवी गिळत आली होती. पहिल्यांदाच कुणीतरी चित्रापुढं थांबलं होतं. बिनचष्म्याचं का होईना. शिवाय तिच्या मनात एक हिशेब होता: चित्र मोठ्या भिंतीवर लागेल, वर दिवा लागेल, ताईला कळेल, ताईचा राग पातळ होईल, ताई येऊन बसेल. मग तोंड.

"परत आल्यावर पुरं करणार हां," तिनं बजावलं.

"बघू," मफलर म्हणाला. 'बघू' म्हणणारा माणूस कधीच बघत नाही, हे चष्म्याच्या दुकानात जन्म घालवलेल्या बाईला कळायला हवं होतं.

चित्र लागलं. खाली पाटी: 'अनुपस्थिती'. लोक यायचे, समोर उभे राहायचे, गप्प व्हायचे. एका मोठ्या समीक्षकानं लिहिलं की, कलावंतानं चेहरा नाकारून मृत्यूलाच आकार दिला आहे. त्यानं हातांबद्दल एक ओळ लिहिली नाही. त्या हातांवरच्या शिरा काढायला बारकीनं एकेक पेन्सिल सुईसारखी टोकदार करून हिवाळाभर डोळे फोडले होते. स्वेटरच्या सुटलेल्या विणीबद्दल नाही, पडद्यातून येणाऱ्या उजेडाबद्दल नाही. जे केलं त्याचं कुणाला काही नव्हतं. जे केलं नाही त्यावर सगळे फिदा. बारकीला म्हणाल तर प्रसिद्धी मिळाली होती. म्हणाल तर उभ्या आयुष्यात एवढा अपमान झाला नव्हता.

चित्रातली बाई मेली आहे, असं मफलर स्पष्ट कुणाला म्हणत नव्हता. तो नुसता डोळे मिटायचा. बाकी लोक समजून घ्यायचे.

मग शहराच्या कलासंग्रहालयाच्या संचालिकाबाई येऊन गेल्या. चित्र संग्रहालयात कायमचं ठेवायचं ठरत होतं. अट एकच, जसं आहे तसं.

"तोंड न काढता?" बारकीनं विचारलं.

"बाई," मफलर म्हणाला, "तोंड काढलंत तर ती एक खुर्चीत बसलेली म्हातारी होईल."

"तीच तर आहे ती."

"तशा म्हाताऱ्या घरोघर आहेत."

बारकी त्या रात्री नवऱ्याला म्हणाली, "काय करू?" नवरा म्हणाला, "तुझं चित्र, तुझी ताई. मला मध्ये घेऊ नकोस. तुमच्या दोघींच्या मध्ये मी लग्नात एकदा उभा राहिलो होतो, तेवढं पुरे."

इकडं ताईच्या दाराची बेल वाजली. ताईनं दार उघडलं. समोर तिची एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी झालेली, हातात पांढरी फुलं. तिनं ताईला बघितलं आणि किंचाळली.

"बाई! तुम्ही तर गेलात ना?"

"कुठं?"

"म्हणजे... ते चित्रात..."

"आधी ओरडणं बंद. सरळ उभी राहा. आता पूर्ण वाक्यात सांग."

तिनं पूर्ण वाक्यात सांगितलं. फुलं ताईनं ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी ताई दालनात गेली. गळ्याभोवती रुमाल गुंडाळून, मान झाकून. स्वतःच्या चित्रासमोरच्या बाकावर बसली. तिला कुणी ओळखलं नाही, ओळखणार कसं? एक तरुण जोडपं आलं. मुलगी म्हणाली, "बघ ना, किती मायाळू बाई असेल." ताईनं आजूबाजूला बघितलं. तिला आयुष्यात कुणी मायाळू म्हटलं नव्हतं. कडक म्हटलं होतं, शिस्तीची म्हटलं होतं, पाठीमागं बरंच काय काय म्हटलं होतं. एका म्हाताऱ्यानं डोळे टिपले. ताईनं त्याला विचारलं, "तुम्ही ओळखत होता का हिला?" तो म्हणाला, "नाही. पण अशी माणसं आता राहिली नाहीत." ताई म्हणाली, "खरंय."

मग ती रोज जायला लागली. चार वाजता सूनबाईला सांगायची, "मी जरा माझ्याकडं जाऊन येते."

बारकीनं तिला तिथंच गाठलं. ती बाकावर शेजारी बसली. इतक्या आठवड्यांनी दोघी इतक्या जवळ.

"ताई, चल ना. चार दुपारी दे मला. तोंड पुरं करते, आणि मग हे लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."

"राहू दे."

"म्हणजे?"

"बरी आहे मी अशी. लोक रडतात माझ्यासाठी. शाळेतून निरोप दिला तेव्हा डोळ्यातून टिपूस काढलं का कुणी? समोसा..." ती थांबली. "खायला काय होतं तेच बघत होते सगळे."

"पण ते तू नाहीस, ताई! ते भोक आहे. माझं राहिलेलं काम आहे ते!"

"हळू बोल. हे दालन आहे. आणि तुझं तरी काय बिघडतंय? तुझं नाव होतंय."

बारकीनं चित्राखालच्या पाटीकडं बघितलं. ताई म्हणाली ते खरं होतं, आणि तिला ते आवडतही होतं, आणि आवडतंय म्हणून स्वतःची शिसारीही येत होती.

चित्र संग्रहालयाच्या ताब्यात द्यायचा समारंभ ठरला. खुर्च्या मांडल्या, फोटोवाले आले. मफलरनं बारकीला पेन्सिलींचा डबा मुद्दाम आणायला लावला होता, हातात धरून फोटो काढायला. "न वापरता नुसता धरा," असंही सांगितलं. नवरा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात अवघडून. ताई आपल्या नेहमीच्या बाकावर.

मफलर बोलायला उभा राहिला. त्या दिवशी मोठी माणसं समोर होती, तेव्हा नुसतं डोळे मिटून भागणार नव्हतं. त्यानं गोष्टच रचली. थोरली बहीण वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली. हिनं तिला भरवलं, न्हाऊ घातलं. थोरलीला शेवटी काही आठवेना, ही कोण तेही नाही. अशा ओझ्याखाली पिचत पिचत ह्या माउलीनं हातात पेन्सिल घेतली, आणि एक दिवस तो चेहरा कायमचा...

त्यानं डोळे मिटले. संचालिकाबाईंनी रुमाल काढला.

बारकीचे कान तापले. अंथरुणाला खिळलेली ताई! बारकीच्या दोन्ही बाळंतपणांत शाळा सांभाळून रात्री उशाशी बसलेली ताई. दुकान काढताना स्वतःच्या बांगड्या काढून टेबलावर ठेवणारी आणि पुढं कधी त्यांचं नाव न काढणारी ताई. ओझं! बारकीनं तोंड उघडलं. संचालिकाबाईंनी तिच्याकडं बघून ओलं स्मित केलं. बारकीनं तोंड मिटलं.

मग तिनं बाकाकडं बघितलं.

ताई तिच्याकडंच बघत होती. ती वाट बघत होती. आता ही बाई उठणार, मफलरला पूर्ण वाक्यात उभा करणार आणि सभा डोक्यावर घेणार, असं बारकीला वाटलं. खरं तर तिनं मनातल्या मनात ते काम ताईवर ढकललंच होतं. जन्मभर तेच केलं होतं. पण ताई काही बोलली नाही. एक शब्द नाही. बाकाच्या कडेला हात टेकून ती उठली, सावकाश, खरोखरीच म्हाताऱ्या बाईसारखी, आणि खुर्च्यांच्या मधून दाराकडं निघाली.

बारकी उभी राहिली.

"ताई, बस!"

दालनभर आवाज गेला. मफलरचे डोळे उघडले.

"ही माझी ताई," बारकी म्हणाली. "मेली नाही. अंथरुणाला खिळली नाही. एक दिवस तिला कुणी भरवलेलं नाही, तिनंच मला भरवलंय. मी हिची मान काढली, ती हिला आवडली नाही, म्हणून ही बसायची बंद झाली. म्हणून तोंड राहिलं. बाकी सगळं ह्या माणसाचं. आणि मी ऐकून घेतलं, ते माझं."

कुणीतरी हसलं. फोटोवाल्यांना काय करावं कळेना, म्हणून ते फोटो काढत राहिले. बारकीनं भिंतीवरचं चित्र उतरवलं आणि टेबलावर पालथं घातलं. नवरा न सांगता उठला, खिशातून चष्म्याचे स्क्रू पिळायचा छोटा पेचकस काढला आणि चौकट उघडायला लागला.

"तुम्ही चित्राचा खून करताय!" मफलर ओरडला.

"सरका जरा," नवरा म्हणाला. "उजेड अडवताय."

संचालिकाबाई पुढं आल्या. आवाज मऊ होता. "बाई, हे आता केलंत तर आम्हाला घेता येणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

"सगळे म्हणतील, बिघडवलं."

"बिघडेलही," बारकी म्हणाली. "अजून काढलं कुठंय?"

ताई दारातच थांबली होती. बारकीनं एक खुर्ची ओढून खिडकीकडं वळवली. ताईनं खुर्चीकडं बघितलं, बारकीकडं बघितलं, मग येऊन बसली. रुमाल गळ्यापासून सोडला, घडी करून पर्समध्ये ठेवला.

"उशी नाही का कुठं? पाठ दुखते."

"नाही. हलू नकोस."

बारकीनं डबा उघडला. फिकट पिवळी घेतली, टोक बोटावर टेकवून बघितलं. कोऱ्या जागेवर हात ठेवण्याआधी तिनं तळवा पुसून घेतला. जन्मापासून बघितलेलं तोंड, पण समोर बसवल्याशिवाय डोळ्यापुढं येत नव्हतं. आणि आता समोर होतं तर ते रोजचं नव्हतं. ओठ थरथरत होते. पापण्या ओल्या होत्या. ताईच्या.

मागं खुर्च्या सरकत होत्या. लोक उठून चालले होते. काही जण थांबले, पण तेही कुजबुजत.

"डोळा बारीक काढतेयस तू," ताई म्हणाली.

"तुला कुठं दिसतंय?"

"तुझ्या हातावरून कळतं. बारीक काढतेयस."

"बारीकच आहे तो."

"आणि त्या माणसाला आणखी चार शब्द सुनवायला काय झालं होतं? 'ऐकून घेतलं ते माझं' म्हणे! एवढ्यावर सोडतात का कुणाला? लहानपणापासून अशीच. त्या वरच्या मजल्यावरच्या पोरानं तुझी पट्टी मोडली तेव्हाही मीच..."

"ताई, तोंड मिट. ओठ काढायचेत मला."

"मला जमणार नाही. आत्ताच तर सुरुवात केलीय मी."

बारकीनं क्षणभर बघितलं. मग तांबूस पेन्सिल उचलली, आणि ताई बोलत राहिली तसतसे ते ओठ तिनं उघडेच काढायला घेतले.